जाणणे आणि आचरणे

हिताचे काय ते ठाऊक असूनही माणूस ते का आचरीत नाही, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. एचआयव्हीबाधितांविषयी तो विचारला जातो, तेव्हा बहुधा रुग्णाच्या बेफिकिरीलाच दोष दिला जातो. आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते.

भारतात २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत या आजारावरील औषधे विनामूल्य मिळतात. ती रोज, न चुकता घ्यावी लागतात. वारंवार खंड पडल्यास विषाणू वाढतो व औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. उपचार सलग राहिले, तर विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके घटते. ते तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. समुपदेशक हे सारे रुग्णाला समजावून सांगतात. परंतु एकत्र कुटुंबातील सुनेने गोळ्यांची बाटली ठेवावी कोठे? लग्नघरी पाहुण्यांदेखत गोळी घ्यावी कशी? ओळखीचे कोणी भेटेल म्हणून दूरच्या केंद्रात जाणाऱ्याने रजेसाठी कारण सांगावे कोणते? पुष्कळदा गोळी चुकते ती अशा वेळी.

हे भय निराधार नाही. १९८९ साली गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याला बाधा असल्याचे आढळताच, तेव्हाच्या कायद्यान्वये त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडण्यात आले. २०१७ च्या कायद्याने नोकरी, शिक्षण व उपचारांत बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु घरातील वेगळ्या ताटापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही.

रुग्णाची जबाबदारी येथे संपते, असे आम्ही म्हणत नाही. स्वतःची व जोडीदाराची काळजी घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे. पण त्याची वाट आपण अडवली असेल, तर दोषाचा वाटा आपल्याकडेही येतो. एकत्र जेवल्याने, हात हाती घेतल्याने किंवा शेजारी बसल्याने हा आजार पसरत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. तरी पेला बाजूला ठेवला जातो, आजार जडला कशाने याची कुजबुज होते. मग जाणूनही न आचरणारा कोण, हे आपणच ठरवावे. बाधिताला सर्वांसमोर गोळी घेता येईल असे एक तरी घर आपल्या धर्मग्रामात असावे. ते आपले का असू नये?