फुगलेली नदी आणि नैयायिक

नदी फुगली आहे, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला. प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, म्हणजे न्यायदर्शनात, ‘डोंगरावर धूर आहे, म्हणजे अग्नी आहे’ याच्या खालोखाल मान असलेलं हे अनुमान. पण न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याच उदाहरणावर एक खट आक्षेपक उभा राहतो. तो म्हणतो, नदी बांधानं अडवली तरी फुगतेच की. मुंग्या अंडी तोंडात धरून निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणावं, तर कुणीतरी त्यांचं वारूळ मोडलेलं असतं. मोर ओरडला म्हणावं, तर एखादा माणूस मोराची नक्कल करत असतो. तेव्हा तुमचं अनुमान हे प्रमाणच, म्हणजे ज्ञानाचं भरवशाचं साधनच नव्हे!

भाष्यकार वात्स्यायनाचं उत्तर फार देखणं आहे. चूक अनुमानाची नाही, घाईनं अनुमान करणाऱ्याची. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यातून फळं, पानं, लाकडं वाहत येतात. हे सगळं पाहून जो बोलतो तो बरोबर बोलतो. नुसतं पाणी वाढलं, ही खूणच नव्हे.

हा जुना वाद आज पुन्हा नदीवरच येऊन ठेपला आहे, फक्त अनुमान करणारा माणूस राहिलेला नाही. पाऊस, तापमान, सूर्यप्रकाश यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी न्यूरल नेटवर्कला द्यायच्या आणि नदीचा विसर्ग त्यानं सांगायचा. (दिशा उलटी, कारणाकडून कार्याकडे, नैयायिक याला पूर्ववत् म्हणतील. आक्षेप मात्र इकडेही तसाच लागू.) 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये गूगलच्या संशोधकांनी 5,680 ठिकाणच्या नोंदींवर शिकवलेलं असं मॉडेल मांडलं. ज्या नद्यांवर मोजपट्टीच नाही, त्यांच्या पुराचाही अंदाज ते देतं. न पाहिलेल्या डोंगरावरच्या धुराबद्दल बोलायचा अधिकार कुणी दिला, हा अनुमानच न मानणाऱ्या चार्वाकाचा प्रश्न इथे जसाच्या तसा उभा राहतो.

यंत्राला काही ‘कळतं’ का, याचं उत्तर ठोकळेबाज हो किंवा नाही असं देता येत नाही. ऑस्ट्रियातल्या फ्रेडरिक क्रॅट्झर्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या 241 पाणलोट क्षेत्रांवर असंच नेटवर्क चालवलं. बर्फाविषयी त्याला चकार शब्द सांगितलेला नव्हता. तरी बर्फाळ भागात त्याच्या आतला एक कप्पा गोठणबिंदूखाली भरत जायचा आणि ऊन तापू लागलं की रिता व्हायचा. डोंगरावर साठणारं आणि वसंतात वितळणारं बर्फ यंत्रानं आपल्या पोटात आपणहून मांडलं होतं. फेस आणि पानं ओळखण्यासारखंच हे. निदान इतकी दाद त्याला द्यायला हवी.

पण 2018 मध्येच दुसरीही गोष्ट घडली. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के नेमके कुठे बसतील, हे सांगणारं एक डीप लर्निंग मॉडेल ‘नेचर’मध्ये झळकलं. त्यात 13,451 प्राचल (पॅरामीटर) होते. पुढच्याच वर्षी अर्नॉ मिन्यां आणि मार्को ब्रोकार्डो यांनी त्याच नियतकालिकात दाखवलं की अवघ्या दोन प्राचलांचं साधं समीकरणही तितकंच अचूक उत्तर देतं. यंत्राला काही गूढ गवसल्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात बरंचसं काम ‘मुख्य भूकंपाच्या जवळ धक्के जास्त’ एवढ्यावरच भागत होतं. पाणी वाढलेलं पाहिलं आणि पाऊस झाला म्हणून टाकलं, त्यातलाच हा प्रकार.

इथे नैयायिकांची एक भूमिका कामाला येते. ज्ञान खरं की खोटं हे त्या ज्ञानाच्या आत दिसत नाही, ते बाहेरून ठरतं. पाणी दिसलं ते मृगजळ की पाणी, हे जाऊन ओंजळ भरल्यावर कळतं. मीमांसा दर्शनाच्या पंडितांना हे मान्य नव्हतं. मशीन लर्निंगवाले मात्र नकळत नैयायिकांच्या पंगतीत बसलेत. शिकवताना वापरलेली माहिती वेगळी, परीक्षेची वेगळी. परीक्षेत टिकलं तर मॉडेल खरं. यंत्राच्या डोक्यात कार्यकारणभाव आहे की नाही, ही चौकशी मग उगाचच वाटू लागते.

तशी ती उगाच नाही, कारण ओंजळ कुठल्या नदीत बुडवली यावर सगळं अवलंबून आहे. क्रॅट्झर्टनी वापरलेल्या अमेरिकन नोंदींच्या संचात मुद्दाम माणसाचा हस्तक्षेप कमीत कमी असलेली पाणलोट क्षेत्रंच घेतलेली आहेत. म्हणजे सूत्रातल्या आक्षेपकाचा बांध परीक्षेच्या पेपरात आलेलाच नव्हता!

कृष्णाकाठच्या माणसाला यातली मेख चटकन कळेल. सांगलीच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पण काठावरचा माणूस फक्त आभाळाकडे बघत नाही. कोयना धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलले, वारणेतून किती क्युसेक सुटलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती, हे तो विचारतो. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर भांडण पेटलं तेही याच मुद्द्यावर: हे पाणी पावसाचं, की अलमट्टीच्या फुगवट्याचं? दोन राज्यांतले अभियंते आकडे घेऊन जे भांडले, ते सूत्रातल्या आक्षेपकाला अगदी ओळखीचं वाटलं असतं. त्याच्या तोंडचा एखाददुसरा बांध इथे दर थोड्या अंतरावर आहे: कोल्हापुरी बंधारे, बराज, धरणं. आणि बहुतेक दरवाजे उघडतात ते ढगाच्या नव्हे, माणसाच्या हुकमावरून. पावसाच्या नोंदींत त्या हुकमाचा रकानाच नसतो.