मागून प्यायलेलं पाणी

दारी आलेल्याला आपण आधी पाणी विचारतो. द्यायला आपल्याला आवडतं. मागायला मात्र जड जातं.

योहानाच्या शुभवर्तमानात एक विहीर आहे. शोमरोनातली, याकोबाची. भर दुपार. येशू चालून थकलेला, विहिरीपाशी बसलेला. विहीर खोल, जवळ पोहरा नाही. घागर घेऊन एक शोमरोनी बाई येते. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यातलं घेत नसत. तरी त्याने तिच्याकडे पाणी मागितलं. जिवंत पाण्याची, पुन्हा तहान न लागू देणाऱ्या पाण्याची गोष्ट तो पुढे सांगतो. पण आधी त्याने पाणी मागितलं. मला मोठेपण तिथेच दिसतं. देणारा आधी घेणारा झाला. तिची घागर त्याला चालली. मग ती त्याला प्रश्न विचारू लागली.

इंग्लंडमध्ये असताना पंडिता रमाबाईंच्या मनाला हाच प्रसंग भिडला होता. आपल्याकडच्या पाणवठ्यांनीही अशी शिवाशिव पाहिलीय, ते तुम्ही जाणताच.

आज कुणाच्या घरी गेलात, तर आपली बाटली पिशवीतच राहू द्या. त्यांच्या तांब्यातलं पाणी मागून प्या.