कोणत्या दुकानाची पायरी चढावी?

युरोपच्या प्रवासात खरेदी कोठे करावी, हा विषय नीतीचा प्रश्न म्हणून या पानावर मांडलेला पाहून काही वाचकांना नवल वाटेल. हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे, त्यात सदसद्विवेकबुद्धीचा काय संबंध, असेही कोणी म्हणेल. परंतु आम्हा सिकंदराबादच्या मराठी माणसांत युरोपला जाऊन येणे आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाही. कोणाचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, कोणाची मुलगी इंग्लंडात नर्स आहे, तर कोणी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर शिलकीच्या पैशांतून पतिपत्नी मिळून दहा-बारा दिवसांच्या सहलीला जातात. तेवढ्या दिवसांत पाच-सहा शहरे होतात. निघण्यापूर्वी पासपोर्ट आणि व्हिसाच्या जोडीला घरात एक यादी तयार होते. थोरल्या जाऊबाईंना अत्तर, मेहुण्यांना घड्याळ, नातवंडांना चॉकलेट, शेजाऱ्यांना काहीतरी. मग कोणती वस्तू कोणत्या शहरात घ्यावी याची चर्चा सुरू होते. ही चर्चा वाईट नाही. आमचे म्हणणे इतकेच की ती अपुरी असते. वस्तू कोठे स्वस्त मिळेल एवढेच तिच्यात विचारले जाते. आपला पैसा कोणाच्या हाती जाणार, हे कोणी विचारत नाही.

वास्तविक हा प्रश्न आपल्याला घरबसल्या समजण्यासारखा आहे. चारमिनार पाहायला आलेल्या परगावच्या माणसाला रिक्षावाला आपण होऊन मोत्यांच्या एका ठरावीक दुकानात नेतो. तेथे त्याचे कमिशन बांधलेले असते, हे येथे राहणाऱ्या कोणाला सांगावे लागत नाही. त्याच चारमिनारजवळच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या भट्टीशेजारी बसून हाताने घडवल्या जातात. हैदराबादच्या या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पाहुण्याने कोठे खरेदी करावी असे आपल्याला वाटते? आपण त्याला कारागिराच्या गल्लीत नेऊ, आणि त्याने तेथे वाजवी दाम द्यावा असे आपल्याला वाटेल. मग आपण पाहुणे होऊन दुसऱ्याच्या गावी गेलो की आपली अपेक्षा बदलते कशी?

युरोपातही सहलीची बस काही ठरावीक दुकानांसमोर थांबते. त्यात फसवणूक असतेच असे नाही. पण बस थांबली म्हणून खरेदी केलीच पाहिजे, असा नियम कोठेही नाही. त्या अर्ध्या तासात बाकावर बसून गाव पाहिले तरी चालते.

आता थोडे व्यवहाराचे बोलू, कारण व्यवहार न कळता केलेला नीतीचा विचार पोकळ राहतो. युरोपीय देशांत वस्तूच्या किमतीतच विक्रीकर धरलेला असतो. फ्रान्समध्ये तो साधारणपणे २० टक्के, इटलीत २२ टक्के, जर्मनीत १९ टक्के आहे. युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्या प्रवाशाने वस्तू वापरण्यापूर्वी देशाबाहेर नेल्या, तर या कराचा काही भाग परत मिळतो. त्यासाठी एका दुकानातील खरेदी काही किमान रकमेच्या वर जावी लागते. फ्रान्समध्ये ही रक्कम १०० युरोंच्या, इटलीत ७० युरोंच्या आणि जर्मनीत ५० युरोंच्या किंचित वर आहे. दुकानात पासपोर्ट दाखवून कागद घ्यावा लागतो आणि युनियनची शेवटची सीमा सोडताना त्यावर जकातीची नोंद किंवा शिक्का करून घ्यावा लागतो. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. म्हणून परतीचे विमान झुरिकहून असेल तर हे काम स्वित्झर्लंडमध्ये शिरतानाच करावे लागते. इंग्लंडमध्ये दुकानातून वस्तू हातात घेऊन जाणाऱ्या प्रवाशाला ही सवलत १ जानेवारी २०२१ पासून मिळत नाही. म्हणून महागाची एखादी वस्तू घ्यायचीच असेल तर ती पाच दुकानांत विखरून न घेता एका ठिकाणी आणि शक्यतो प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात घ्यावी. सामानाचे ओझेही मग शहराशहरांतून वाहावे लागत नाही. आणखी एक गोष्ट. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. रविवार हा विसाव्याचा दिवस म्हणून त्या देशाच्या राज्यघटनेनेच राखला आहे. आपल्यातील काही प्रवासी यावर चिडतात. दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी त्या दिवशी आपल्या घरी असते, हे लक्षात घेतले तर चीड येणार नाही.

येथवर खिशाचा विचार झाला. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचकाम चालते. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या सरकारने १२९१ साली काचेच्या भट्ट्या शहरातून त्या बेटावर हलवल्या, आणि सातशे वर्षांहून अधिक काळ ती कला तेथे टिकली आहे. पण व्हेनिसच्या गल्ल्यांत मुरानोच्या नावाखाली दुसरीकडून आणलेली यंत्राची काचही विकली जाते. म्हणून १९९४ साली तेथील प्रांतिक सरकारने अस्सल मालासाठी एक खूणमुद्रा ठरवून दिली. नकली मण्यांची माळ पाच युरोंना, तर भट्टीपुढे घाम गाळून केलेला एकच मणी त्याहून महाग. येथे स्वस्त वस्तू घेणारा माणूस कोणाचे काही चोरत नाही, हे खरे. तरी पण ज्या कारागिराची कला पाहायला आपण बोटीत बसून गेलो, त्याच्या पोटावर पाय देणाऱ्या व्यापाराला आपण हातभार लावला, हेही तितकेच खरे आहे.

दुसरे उदाहरण कपड्यांचे. मोठ्या शहरांतील प्रचंड दुकानांत अंगरखे आश्चर्य वाटावे इतके स्वस्त मिळतात, आणि आपली माणसे तेथे पिशव्या भरतात. आतली पट्टी उलटून पाहिली तर त्यावर पुष्कळदा बांगलादेशाचे किंवा आपल्याच देशाचे नाव असते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही कामगारांना आत पाठवण्यात आले. तेथे शिवलेल्या कपड्यांत युरोपच्या दुकानांसाठीचे कपडेही होते. आपल्या शेजारच्या देशातील बहिणींनी शिवलेला सदरा युरोपातून ‘फॉरेनचा’ म्हणून आणून नातलगांना भेट द्यायचा, यात काय साधले याचा आपण विचार करावा.

येथे कोणी पवित्र शास्त्राचाच आधार घेऊन विचारील की, करिंथ शहराच्या बाजारात जे विकले जाते ते चौकशी न करता घ्यावे, असे पौलानेच सांगितले नाही काय? सांगितले आहे. ते करिंथही युरोपातलेच शहर, आणि प्रश्नही खरेदीचाच. पौलाला आपल्या लोकांना संशयाच्या रोगातून सोडवायचे होते. पण त्याच ठिकाणी तो पुढे असेही सांगतो की दुसऱ्याच्या हितासाठी आपण आपली मोकळीक सोडून द्यावी. तेव्हा आम्ही त्याचा अर्थ असा घेतो. प्रत्येक वस्तूची वंशावळ शोधत बसू नये, तसे केल्यास प्रवास होणार नाही आणि मनाला शांतीही लाभणार नाही. परंतु जे आपल्याला ठाऊक झाले आहे त्याकडे डोळेझाकही करू नये.

या बाबतीत जॉन वुलमन (१७२०–१७७२) या अमेरिकन क्वेकर गृहस्थाचे चरित्र लक्षात घेण्यासारखे आहे. तो शिंपी होता आणि दुकानही चालवीत असे. गुलामांच्या श्रमाने पिकवलेली साखर त्याने वर्ज्य केली. १७७२ साली तो इंग्लंडला गेला, तेव्हा घोडागाडीच्या धंद्यात घोड्यांचे आणि गाडीवर बसणाऱ्या पोरांचे हाल होतात हे कळल्यावर तो गाडीत न बसता यॉर्कपर्यंत पायी गेला. तेथेच देवीच्या आजाराने त्याचा अंत झाला. आपण सर्वांनी असे वागावे असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रवासी म्हणून परक्या देशात गेल्यावर जबाबदारी घरी ठेवून जाता येत नाही, हे त्याने दाखवून दिले. अशाच विचारातून नेदरलँड्समध्ये १९६९ साली ब्रुकेलेन या गावी गरीब देशांतील उत्पादकांचा माल विकणारे पहिले ‘जगाचे दुकान’ निघाले. पुढे १९८८ साली एका ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने तेथेच शेतकऱ्याला रास्त भाव मिळवून देणारी कॉफीची खूणमुद्रा सुरू झाली. ही खूण आज युरोपच्या साध्या किराणा दुकानांतही चॉकलेटवर दिसते. नातवंडांना चॉकलेट न्यायचेच आहे, तर ते न्यायला काय हरकत आहे?

सर्वांत अवघड प्रसंग रस्त्यावरच्या विक्रेत्याचा. रोम, फ्लॉरेन्स, पॅरिस येथे पदपथावर चादर पसरून काही तरुण नामांकित कंपन्यांच्या नावाच्या नकली पिशव्या विकतात. ते बहुधा गरीब देशांतून आलेले असतात. त्यांचा चेहरा पाहून दया येते, आणि पिशवीही स्वस्त असते. दया आणि लोभ असे एकाच वेळी मनात आले की माणूस लोभालाच दया म्हणू लागतो. इटलीत २००५ पासून नकली माल घेणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. त्या तरुणाला मदत करायची असेल, तर पाऊस आला असताना त्याच्यासारख्याच कोणाकडून साधी छत्री घ्यावी, किंमत घासाघीस न करता द्यावी आणि त्याची विचारपूस करावी. नकली नाव विकत घेणे हा त्याच्यावर उपकार नव्हे.

आता प्रामाणिकपणाची एक कसोटी सांगतो. तीच पावती पॅरिसच्या विमानतळावर आपण अभिमानाने पुढे करतो, कारण तेथे कर परत मिळायचा असतो. शमशाबादच्या विमानतळावर उतरल्यावर मात तीच पावती बॅगेच्या तळाशी जाते, कारण येथे कर भरायचा असतो. भारतात परतणाऱ्या प्रवाशाला काही रकमेपर्यंतचे सामान करमुक्त आणता येते. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा ५०,००० रुपये होती. ती वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावा. मर्यादेपेक्षा जास्त सामान असेल तर लाल मार्गाने जाऊन तसे सांगावे. जक्कयाच्या गोष्टीत आपण जकातदाराला पश्चात्ताप करायला लावतो. जकात चुकवणाराही त्याच गावात राहत असेल, हे आपल्या ध्यानात येत नाही.

शेवटी काटकसरीचा आक्षेप. आयुष्यभर पैसा पैसा जोडून एकदाच बाहेर पडलेल्या शिक्षकाने किंवा रेल्वेच्या कारकुनाने कारागिराला जास्त दाम का द्यावा? आक्षेप रास्त आहे. मर्यादित पैशांचा नीट कारभार करणे हेही कारभारीपणच होय. यावर आमचे उत्तर एवढेच की जास्त खर्च करू नये, वस्तू कमी घ्याव्यात. वीस जणांसाठी वीस निरुपयोगी वस्तू आणण्यापेक्षा चार माणसांसाठी चार चांगल्या वस्तू आणाव्यात, आणि बाकीच्यांकडे जाऊन तासभर बसून प्रवासाची हकीकत सांगावी. उपासनेनंतर मंदिराच्या आवारात निवडक घरांना पुड्या वाटल्या जातात, तेव्हा न मिळालेल्याच्या मनाला काय वाटते, हेही पाहावे. युरोपात पौलाचे बोलणे ऐकून घेणारी जी पहिली स्त्री नावानिशी आपल्याला ठाऊक आहे, ती फिलिप्पै येथील लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी होती. तिचे दुकान राहिले तसेच राहिले आणि तिचे घर मंडळीसाठी उघडले गेले. दुकानाच्या पलीकडच्या बाजूला उभा असलेला माणूसही आपला शेजारी आहे, एवढे जरी या गोष्टीतून घेतले तरी पुरे.

संडेस्कूलच्या शिक्षकांनी हा विषय मुलांसमोर अवश्य मांडावा. प्रत्येक मुलाने आपल्या घरातील एका वस्तूवर ती कोठे बनली हे वाचून यावे, आणि ती बनवणाऱ्याचा दिवस कसा गेला असेल याची कल्पना करून सांगावी. त्यासाठी युरोपला जाण्याची गरज नाही. मोंडा मार्केटातील भाजीवालीपासून आरंभ करता येईल. आणि ज्यांना प्रवासाचा योग आला आहे त्यांनी यादी करताना वस्तूच्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती कोणासाठी घ्यायची, ती बनते कोठे, आणि तिची पावती दोन्ही विमानतळांवर दाखवता येईल काय. ज्या नावापुढे या तिन्हींची उत्तरे लिहिता येत नाहीत, ते नाव यादीतून काढून टाकावे.