वारशाने आलेलं तपासून घ्या

सप्टेंबर २०१४ मध्ये ‘शेलशॉक’ उघडकीला आला आणि जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली. बॅश या शेलमधला हा दोष १९८९ पासूनचा. पंचवीस वर्षं उघड्या कोडमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडून होता. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फंक्शन लिहिलेलं असलं, तर बॅश सुरू होतानाच ते वाचून घेई आणि फंक्शनच्या मागे चिकटवलेली आज्ञाही मुकाट्याने चालवी. सीजीआय पद्धतीचे वेब सर्व्हर तर ब्राउझरने सांगितलेली स्वतःची ओळख अशाच व्हेरिएबलमध्ये भरून पुढे देतात. म्हणजे कुणाही परक्याने ओळख म्हणून हुकूम पाठवावा आणि आपल्या सर्व्हरने तो पाळावा! पहिली दुरुस्तीही अपुरी पडली.

सगळं खापर बॅशवर फोडून आपण मोकळे झालो, ते मला पटत नाही. बाहेरून आलेला मजकूर न तपासता पुढे ढकलायची सवय आपलीच होती, आणि ती गेलेली नाही.

फोटो लहान करायची साधी सोय घ्या. प्रोग्रॅमर ‘कन्व्हर्ट’पुढे फाइलचं नाव जोडतो आणि ती ओळ शेलच्या हवाली करतो. कुणी फाइलचं नावच ‘सहल; आरएम -आरएफ *’ ठेवलं, तर? शेलच्या लेखी अर्धविरामाशी पहिली आज्ञा संपली आणि दुसरी सुरू झाली. सहलीचा फोटो राहिला बाजूला, चालू फोल्डर रिकामं. शेलला मधून काढा, प्रोग्रॅमचं नाव आणि प्रत्येक आर्ग्युमेंट यादीत वेगवेगळं द्या, की तोच अर्धविराम निव्वळ नावातलं एक अक्षर उरतो. पायथॉनच्या सबप्रोसेसमध्ये हीच मूळ रीत आहे; ‘शेल=ट्रू’ आपण हौसेने लिहितो. नाव आडव्या रेघेने सुरू झालं तर प्रोग्रॅम त्याला ऑप्शन समजतो, तेवढं मात्र यादीनेही टळत नाही, बरं का.

एन्व्हायर्नमेंटची गत तीच. वेगळं काही सांगितलं नाही, तर चाइल्ड प्रोसेसला पॅरेंटचं सगळं एन्व्हायर्नमेंट वारशाने मिळतं: डेटाबेसचा पासवर्ड, क्लाउडच्या किल्ल्या, सगळं. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या हाती तिजोरीच्या किल्लीसकट जुडगा देणारा गृहस्थ आपल्याला वेडा वाटेल. ऑफिसात आपण रोज तेच करतो. फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला पासवर्ड कशाला हवा? कोऱ्या एन्व्हायर्नमेंटपासून सुरुवात करावी, लागेल तेवढंच भरावं, ‘पाथ’ स्वतः ठरवून द्यावा आणि प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहावा.

‘डेडलाइन होती’, ‘आधीच्यांनी असंच लिहिलं होतं’ ही उत्तरं मी पुष्कळ ऐकली. रूढीला प्रश्न विचारा, हे आगरकरांपासून ऐकत आलेल्या समाजातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी जुना कोड मात्र सोवळ्यात ठेवावा, याला काय म्हणावं? पगार आपल्याला मिळतो आणि फुटलेली माहिती असते एखाद्या रुग्णाची नाहीतर ठेवीदाराची. त्याला यातलं काही विचारलेलंही नसतं.

तेव्हा आजच आपल्या कोडमध्ये ‘शेल=ट्रू’ शोधा. जिथे सापडेल तिथे, ते लिहिणारा साहेब असला तरी, जाब विचारा.