गेटबाहेरची शिस्त

चिंचवडच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात गेलात, तर जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले दिसतात. दोन पट्ट्यांमधली वाट म्हणजे गँगवे. माणसानं तिथूनच चालायचं. वर्षानुवर्षं नोकरी झालेला माणूस, समोर दहा पावलांवर पाण्याचा कूलर दिसत असला तरी आडवा जात नाही; पट्ट्याच्या कडेनं वळसा घालून जातो. डोक्यावर हेल्मेट, पायात सेफ्टी शूज. उंचावर चढायचं तर वर्क परमिट आणि अंगाला हार्नेस. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरचा पाच मिनिटांचा टूलबॉक्स टॉक, आणि ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, हात पुढे करून शपथ. हे चित्र मोठ्या कारखान्यांचं आहे, हेही सांगायला हवं. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शेडमध्ये पॉवर प्रेसखाली बोटं आजही जातात. तरीही रस्त्यावर, रांगेत किंवा सभेत कुठेही सहसा न दिसणारी शिस्त या औद्योगिक पट्ट्यातल्या लाखो माणसांच्या पायांत रोज आठ तास असते, एवढं खरं.

मग सुट्टी येते. इथल्या पुष्कळ कारखान्यांना ती गुरुवारी असते, कारण वेगवेगळ्या भागांचा विजेचा भार वेगवेगळ्या वारी कमी करण्याच्या जुन्या व्यवस्थेतून तोच वार वाट्याला आला. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली मंडळी शनिवार-रविवारी निघतात. जायचं कुठं याची अडचण नाही. निगडीची दुर्गा टेकडी, शेलारवाडीचं घोरवडेश्वर, देहूपुढचा भंडारा, चाकणच्या बाजूला भामचंद्र, तळेगावजवळचा कुंडमळा, पुढं भाजे, कार्ले, बेडसे, लोहगड, विसापूर, तिकोना आणि पवनेचा जलाशय. डोंगरांच्या जवळ वसलेल्या गावाला एवढं ऐश्वर्य लाभावं, हे भाग्यच. आणि आठवडाभर गँगवेतून चालणारा तोच माणूस इथं आला की कठडा ओलांडतो, शेवाळलेल्या कातळाच्या टोकाशी उभा राहतो, लेकराला खांद्यावर घेऊन वाहत्या पाण्यात उतरतो. सोबत हेल्मेट असतं, ते मोटारसायकलच्या आरशाला लटकलेलं.

१५ जून २०२५ला, रविवारी दुपारी, कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला. इंद्रायणी इथं काळ्या कातळात खोल शिरते, दगडात रांजणासारखी कुंडं कोरते. त्यावरूनच जागेला नाव पडलं. पावसानं पाणी फुगलं होतं, आणि ते पाहायला अरुंद, जुन्या, गंजलेल्या पुलावर माणसांची दाटी झाली होती. त्यातच दुचाक्याही. चार माणसं गेली, पन्नासाहून अधिक जखमी झाली. त्यानंतर आठवडाभर बसमध्ये, कँटीनमध्ये, कट्ट्यावर एकच वाक्य कानी येत होतं: ‘धोक्याचा फलक लावला होता ना, मग गेले कशाला?’

या वाक्यात निम्मं खरं आहे, आणि ते बोलणारे बहुतेक जण कारखान्यातलेच होते याचं मला नवल वाटलं. कारण कामगारानं फलक वाचला नाही एवढ्यावर संपणारा अपघाताचा चौकशी अहवाल कुठलाही चांगला सेफ्टी ऑफिसर स्वीकारत नाही. तो विचारतो, गार्ड का नव्हता? मशीन आपोआप का थांबलं नाही? याआधी असं थोडक्यात हुकलं होतं का, आणि त्याची ‘निअर मिस’ म्हणून नोंद कुणी केली? लाइन थांबवायचा अधिकार कुणाला होता, आणि तो त्या वेळी कुठं होता? कारखान्यात फलक हा सुरक्षिततेच्या दुबळ्या उपायांपैकी एक मानतात. बाकीचे उपाय करून झाल्यावर लावायचा. कुंडमळ्याला फलकच पहिला आणि शेवटचा होता. हा पूल पर्यटकांसाठी नव्हताच. आसपासचे गावकरी, शेतकरी रोजच्या कामासाठी त्यावरून ये-जा करत. त्यांच्यासाठी नवा पूल कागदावर मंजूर होता, आणि नदीवर जुनाच उभा होता.

उरलेलं निम्मं मात्र आपल्याच पदरात पडतं. इतकी वर्षं अंगवळणी पडलेली शिस्त गेटवर पंच करून बाहेर पडताना आत का राहते? माझं उत्तर कडू आहे. ती शिस्त पट्ट्याची नव्हती, पट्टा आखणाऱ्याची होती. मेमो मिळेल, पगार कापला जाईल, ठेकेदाराकडचा असेल तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. पट्टा का आखला हे आपण शिकलो नाही, मालक कोण एवढंच शिकलो. देवळातही तेच. मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात चिंचवडकर चपला बाहेर काढतो, रांगेत उभा राहतो, प्रसादाचा कण खाली सांडू देत नाही, आणि दर्शन झालं की निर्माल्याची पिशवी मागच्या पवनेत भिरकावतो. देवाची हद्द कळते, नदीची कळत नाही. मालक दिसला की आपण सज्जन असतो. सहलीच्या जागेला तो दिसत नाही, म्हणून ती बेवारशी वाटते.

यातली एकही जागा बेवारशी नाही, आणि गंमत अशी की बहुतेक सहलीसाठी केलेल्याच नाहीत. लोणावळ्याचं भुशी धरण रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. तिथल्याच धबधब्यात ३० जून २०२४ला एका कुटुंबातली पाच माणसं, त्यात लहान मुलं, वाहून गेली. लोहगडाला एकामागून एक चार दरवाजे आहेत: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वळसे घेत चढणारी ती वाट अशी बांधली आहे की खालून येणाऱ्या जमावाला एकदम वर शिरताच येऊ नये. दर पावसाळ्यात हजारो माणसं त्या दरवाजांत तासन्‌तास अडकून पडतात, तेव्हा लोक व्यवस्थेला दोष देतात. मला मात्र वाटतं, बांधणाऱ्यानं काम चोख केलं होतं. जुलै २०२५मध्ये लोहगड आणखी अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. म्हणजे दरवाजांवरचा भार आता वाढणार.

सगळ्यात विचार करायला लावतात ती भाजे-कार्ल्याची लेणी. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्यात भटकंती वर्ज्य होती. पावसाचे महिने एका जागी काढायचे, तो वर्षावास, आणि डोंगरातले असे विहार त्या मुक्कामाच्या कामी येत. हा नियम का झाला याची हकीकत विनयपिटकात आहे: लोकांनी तक्रार केली की हे श्रमण पावसातही हिंडतात, हिरवी रोपं तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात. तक्रार साध्या माणसांची होती, आणि ती ऐकून संघानं आपली चाल बदलली. आपला चातुर्मासही याच पावसात पडतो. आपण नेमके याच महिन्यांत, आणि याच महिन्यांसाठी, घराबाहेर पडतो.

भाजे-कार्ले ज्यात येतात त्या मावळ तालुक्यात ती तक्रार आजही आहेच, फक्त ती ऐकायला संघ नाही. जुलै म्हणजे भातलावणीचा महिना. इंद्रायणी तांदळाचा वास आपल्याला ठाऊक असतो. तो भात ज्या चिखलातून येतो तिथं त्या दिवसांत घरातली सगळी माणसं गुडघाभर पाण्यात वाकलेली असतात. खाचराचा बांध म्हणजे पाणी धरून ठेवणारी भिंत. त्यावर मोटारीचं चाक चढलं की बांध फुटतो आणि खाचरातलं पाणी रात्रीत निघून जातं. बाटलीची काच चिखलात दिसत नाही, पायाला कळते. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात येत नाही. आणि ज्याच्या बांधावर गाडी लावली त्याला ‘लावू का हो?’ असं विचारणारा मी तरी विरळाच पाहिला.

पवनेशी तर आपलं आणखी जवळचं नातं. चिंचवडच्या नळाला येणारं पाणी पवना धरणातून नदीत सुटतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. ज्यांच्या जमिनी त्या धरणाखाली गेल्या, त्यांतल्या अनेकांचा पुनर्वसनाचा झगडा पुढच्या पिढ्यांनाही चुकला नाही. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकायला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण ठार झाले. जलवाहिनी योग्य की अयोग्य यावर मतं वेगळी असू शकतात. पण त्याच जलाशयाकाठी तंबू ठोकून मध्यरात्रीपर्यंत स्पीकर लावणाऱ्यांना, आपण ज्याच्या पाण्यावर जगतो त्याच्याच अंगणात बसलो आहोत, याची निदान कल्पना असावी.

आता दरवर्षी पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघतो. धबधब्यात उतरू नका, कड्यावर सेल्फी काढू नका, अमुक ठिकाणी जमू नका. जीव वाचत असतील तर आदेश हवेत. पण सरसकट बंदी ही काळजीचं सोंग घेतलेला आळस असतो, असं माझं मत आहे. तिचा पहिला फटका कोळशावर कणसं भाजणाऱ्या बाईला बसतो, जिची वर्षाची रोकड या आठ-दहा आठवड्यांत जमते. दुसरा बसतो चाकणला दहा बाय दहाच्या खोलीत आळीपाळीनं झोपणाऱ्या ठेकेदारी कामगाराला. तिकीट न काढता, रिसॉर्टच्या दारात अपमान न होता त्याला जिथं दिवस घालवता येतो, अशा जागा म्हणजे भामचंद्र आणि कुंडमळाच. शहरानं त्याच्यासाठी जवळ काय ठेवलं? चिंचवडच्याच संभाजीनगर भागातलं बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय नूतनीकरणाच्या नावाखाली वर्षानुवर्षं बंद राहिलं. चिंचवडच्या घाटावर पवना जलपर्णीनं झाकलेली, आळंदीला इंद्रायणी फेसाळलेली. स्वतःच्या दारातली नदी घाण करून तिच्या उगमाकडं पाय भिजवायला जाणारं शहर आहे हे. त्यातली घाण करणारे वेगळे आणि कुंडमळ्याला बसनं जाणारे बरेचदा वेगळे, हेही खरं.

कारखान्यात छताखाली फिरणाऱ्या प्रत्येक क्रेनवर ठळक आकडा रंगवलेला असतो: सुरक्षित भार इतके टन. क्रेन चालवणारा त्याहून जास्त उचलत नाही. सिग्नल देणाऱ्या माणसानं हात वर केला की तो थांबतो. तो माणूस हुद्द्यानं त्याच्याहून मोठा असायची गरज नसते. कुंडमळ्याचा नवा पूल होईल तेव्हा त्यावर एका वेळी किती माणसं, हा आकडा असाच मोठ्या अक्षरांत रंगवावा. लोहगडाच्या पायथ्याशीही रंगवावा. आणि आकड्याजवळ गावातलाच एखादा मुलगा उभा करावा, गर्दी थांबवायच्या अधिकारासह. त्याचा रोज ग्रामपंचायतीनं द्यायचा की वन विभागानं, पार्किंगच्या पावतीतून काढायचा की महापालिकेनं पाण्याच्या बदल्यात मावळाला द्यायचा, यावर भांडता येईल; भांडावंही. माझी शंका वेगळीच आहे. तो सतरा-अठरा वर्षांचा मुलगा हात वर करून ‘काका, पूल भरलाय, थांबा’ म्हणेल, तेव्हा आठवडाभर सिग्नलमनच्या हाताकडं बघून क्रेन थांबवणारा माणूस थांबेल, की ‘तू कोण रे?’ म्हणून विचारेल?