अनुदर्शन

आजचं वाचन गीतेच्या तेराव्या अध्यायातलं, श्लोक ८ (काही प्रतींत ९).

ज्ञान कशाला म्हणायचं, हे भगवंत इथे एकेक करून सांगतात. जन्म, मरण, म्हातारपण आणि आजार यांतलं दुःख बघणं, हेही त्यांनी ज्ञानातच धरलंय. शब्द वापरलाय ‘अनुदर्शन’. ‘अनु’ लागला की एकदा बघून भागत नाही, पुन्हा पुन्हा बघणं आलं. कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या फाइलवर हाच शब्द ‘फॉलो-अप’ म्हणून लिहिलेला असतो!

माझ्या मावशीच्या गालाचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. मिसरी तेव्हाच सुटली. आता जिभेच्या कडेला पांढरा चट्टा दिसतोय. ती म्हणते, “नवरात्र होऊ दे, आई भवानी बघून घेईल. सुई लावली की पसरतंय ते.”

तिची श्रद्धा खरी आहे, भीतीही खरी आहे. पण तंबाखूचा मार तोंडाच्या सगळ्या अस्तराला बसलेला असतो. म्हणून एका जागची गाठ काढल्यावर दुसऱ्या जागी अगदी नवीन होऊ शकते, जुनीच परत यायला हवी असं नाही. आणि प्रत्येक पांढरा चट्टा कॅन्सरही नसतो. कोणता काय, ते तुकडा तपासल्यावरच कळतं.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याकडे पोरांनाही पाठ असते. मुक्ताईने विचारलं म्हणून काकांनी थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं ठोकून पाहिलं, आणि नामदेव रागावले. (कुणीही रागावेल म्हणा.) पण कुंभार मडकं वाजवतो तेव्हा तडा पडत नाही, असला तर ऐकू येतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ साली आले. ज्या गटात एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तिथे या कॅन्सरने झालेले मृत्यू चाचणी न केलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. एकदा बघण्याने एवढं झालं.

‘रिपोर्ट चांगला येऊ दे’ असं देवीला म्हणावंच. आज मी थोडं जास्तीचं मागितलं: आई, मावशीला डॉक्टरसमोर तोंड उघडायचं धैर्य दे. बुधवारी बार्शीला, नर्गिस दत्त हॉस्पिटलात जायचं ठरवलंय. ती अजून हो म्हणालेली नाही.