निराकार शिला आणि साकार श्रद्धा

यशवंतपूर येथील आमच्या घरी गेल्या पितृपक्षात चटश्राद्ध चालू होते. पाटांवर दर्भाचे चट मांडले होते. धाकट्या चिरंजीवाने विचारले, “बाबा, पाटावर तर कोणीच नाही, मग आपण पूजा कोणाची करतो?” माझ्या आजोबांचे एकही छायाचित्र घरात नाही. दाखवावे असे माझ्यापाशी काही नव्हते. प्रश्न बालकाचा खरा, पण प्रत्येक गृहस्थाने तो स्वतःस विचारण्याजोगा आहे. ज्याचे रूप समोर नाही, त्याचे स्मरण कसे करावे?

हाच प्रश्न रुमानिया देशातील तिर्गु जिऊ या नगराच्या उद्यानात पाषाणरूपाने उभा आहे. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, जिऊ नदीच्या परिसरात स्वदेशरक्षणार्थ अनेक सैनिक पडले. त्यांच्या स्मरणार्थ कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या शिल्पकाराने १९३७-३८ मध्ये मोबदला न घेता जी शिल्पे घडविली, त्यांत ‘मौनाचे मेज’ आहे. मधोमध दगडाचे वाटोळे मेज आणि सभोवती डमरूच्या आकाराची १२ आसने, एवढेच ते शिल्प. त्यावर ना वीराचा चेहरा, ना शस्त्र. सर्व आसने रिकामी. याच शिल्पकारास इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी एक ध्यानमंदिर उभारण्यासाठी पाचारण केले होते. तो इंदूरला येऊनही गेला, परंतु ते मंदिर झाले नाही.

कोणी म्हणेल, “ज्यात माणूसच दिसत नाही ते कसले स्मारक?” परंतु आपण तरी सुपारीत गणपती, नर्मदेच्या गोट्यात शिव आणि गंडकीच्या शिळेत विष्णू पाहतोच ना? भेद अवश्य आहे. तेथे शास्त्राची आज्ञा व परंपरेचा आधार आहे. उद्यानातील शिळा पूजेची वस्तू नव्हे. साम्य इतकेच की, जेथे आकार थोडा, तेथे पाहणाऱ्यास आपला भाव अधिक ओतावा लागतो.

म्हणूनच श्रीभगवान बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या उपासकांस आपलीच प्राप्ती सांगतात, पण देहधाऱ्यास तो मार्ग अधिक कष्टाचा आहे, हेही स्पष्ट करतात. यात मूर्तीचा उपहास नाही व निराकाराचा अनादरही नाही. सावधानतेची सूचना मात्र आहे. “मला मूर्ती नको, छायाचित्र नको, सारे मनात आहे” असे म्हणणाऱ्याने आपले मन एकदा उघडून पाहावे. पुष्कळदा तेथे स्मरण नसते, केवळ आळस असतो. उलट, भिंतीवरील तसबिरीस नित्य हार घालूनही वडिलांची एक शिकवण न आठवणारेही आहेत. सतराव्या अध्यायात अश्रद्धेने केलेले दान, तप, हवन भगवंतांनी असत् म्हटले आहे. पाट रिकामा असो वा भरलेला, निर्णय श्रद्धेनेच होतो.

मी चिरंजीवास म्हटले, “बाळ, तुझे पणजोबा दारी आलेल्यास विन्मुख पाठवीत नसत. आज जेवणाच्या वेळी कोणी आले तर आधी त्याचे पान तू वाढ. मग पाटावर कोण आहे ते तुला कळेल.”

त्या दिवशी दुपारी एक वाटसरू पाणी मागण्यास आला. मुलाने त्यास आत बोलावले, पाट मांडला, आणि पान वाढून होईपर्यंत स्वतः घास घेतला नाही.